टेबलाखालून न पाहिलेला अग्निगोल

सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (या खेपेला खरोखरच आडवा पडून घालावा असं काम करून बसलोय). दाढ काढली ती जागा भरत आली का? भावोजींना नमस्कार सांग. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, आणि खरं दुःख तेच आहे.

बाबांची उल्कांची वही तुला आठवत असेलच. चष्म्याच्या दुकानात चाळीस वर्षं भिंगं घासली आणि संध्याकाळी गच्चीत बसून आभाळ न्याहाळलं. छोट्या उल्का हजारावर नोंदल्या, पण ‘अग्निगोल’ (आभाळ उजळून टाकणारी मोठी उल्का) हा शेवटचा रकाना अजून कोरा होता. (मोतीबिंदू काढून घेतला तो त्या रकान्यासाठीच, असं मला डॉक्टरांनी सांगितलं. बाबांनी नाही.) आता माझं ऐक. कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी, गळ्यात कायम शिट्टी, कामगार मागे ‘शिट्टीमास्तर’ म्हणतात हे तुला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात पेपरात वाचलं, की बसएवढा एक लघुग्रह चंद्राच्या अलीकडून जाणार. बाबा म्हणाले, “असे वर्षातून कितीतरी जातात रे, आपल्याला विचारून थोडेच जातात!” पण मी पुढचंही वाचलं होतं. दूरच्या एका शहरावर असाच दगड हवेत फुटला, उजेड कसला म्हणून लोक खिडक्यांशी धावले आणि मागून आलेल्या धक्क्याने काचा त्यांच्या अंगावर आल्या. झालं! घरात सराव सुरू. शिट्टी वाजली की सात सेकंदांत जेवणाच्या टेबलाखाली. तुझ्या भावजयीची हरकत नव्हती (तिथे तिला पाच मिनिटं कोणी हाक मारत नाही), पण बाबा अकरा सरावांत खुर्चीतून हलले नाहीत. बाराव्याला मी त्यांच्यावर ओरडलो, ताई. कामगारावर ओरडावं तसा, बापावर. लघुग्रह आला तसा गेला, शिट्टी मात्र गळ्यातच राहिली.

मंगळवारी दिवेलागणीला खोली एकदम हिरवी उजळली. मी शिट्टी फुंकली. बाबा खिडकीकडे निघाले होते. ते थांबले, वळले आणि गुडघे सावरत टेबलाखाली गेले. पहिल्यांदाच! आवाज उजेडामागून येतो (हे लहानपणी त्यांनीच मला शिकवलं), म्हणून मी सगळ्यांना पाच मिनिटं तिथेच डांबून ठेवलं. आवाज काही आला नाही. बाहेर आलो तोवर आभाळातली धुराची रेघही विरली होती. अख्ख्या शहरात एकच काच फुटली, ती बाबांच्या चष्म्याची, टेबलाखाली, माझ्या गुडघ्याने. तेव्हापासून ते गच्चीत जात नाहीत. मला फक्त “चहा घेतलास का?” एवढं विचारतात. रागावले असते तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटतंय.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम हे. तू त्या वेळी दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडून पडली होतीस, हे बाबांना माहीत नाही. तर त्यांना लिही, की तुला तो जिन्यातून स्पष्ट दिसला. मजकूर देतो: आधी हिरवा, मग पांढरा, शेवटी दोन तुकडे, एकूण नऊ सेकंद. (दिशा लिहू नकोस, तुझ्या गावाहून ती वेगळी दिसली असती, बाबा लगेच पकडतील.) मला हे कसं ठाऊक, म्हणतेस? सगळ्यांना खाली पाठवत मी स्वतः खिडकीशी उभा होतो, ताई. टेबलाखाली नंतर घुसलो. बाहेर येताना बाबांनी विचारलं, “तुला दिसला?” मी नाही म्हणालो.

ता. क. दुसरा. काही लिहू नकोस. पाकिटासाठी डिंक शोधताना बाबांची वही उघडी सापडली. ‘अग्निगोल’च्या रकान्यात वेड्यावाकड्या अक्षरात (चष्मा नाही ना!) मंगळवारची नोंद आहे: “टेबलाखालून. आकाश दिसले नाही. धाकट्याच्या चेहऱ्यावर पाहिला. हिरवा, मग पांढरा. नऊ सेकंद. तोंड उघडे.”

आता त्यांना गच्चीत नेतो आणि शेवटच्या दोन तुकड्यांचं सांगतो. तेवढं माझ्या चेहऱ्यावर दिसलं नसणार.