थांबलेला पंखा

८ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पाच पानांत प्रकृतीबद्दल दीड ओळ आणि बाकी सगळं लेन्सपुराण. लग्नासाठी मुली पाहताना एवढा विचार केला असतास, तर आज तुला आवरायला घरात कुणीतरी असतं.

आता विचारलंच आहेस तर सांगते. शंभर ते चारशेची झूम लेन्स घे. हलकी आहे, जवळचं-लांबचं दोन्ही टिपते, असं तूच लिहितोस. ती सहाशेची, एकाच अंतराची, तान्ह्या पोराएवढी जड, हेही तूच लिहितोस. चहाचा कप धरताना तुझा हात थरथरतो, तो काय विमानांचे फोटो काढायला गच्चीवर गेल्यावर थांबणार आहे? विमान लहान दिसेल म्हणतोस. दिसू दे. लांबची वस्तू लहान दिसते, यात लाजण्यासारखं काय आहे?

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या मदर सुपीरियरना एकाच गोष्टीची चीड होती: निर्णय आधीच घेऊन मग सल्ला विचारायला येणाऱ्या मुलींची. तुझ्या अक्षरावरून मला तसाच वास येतोय.

गोळ्या वेळेवर घे. पत्रात विमानं कमी आणि तू जास्त असावास, ही इच्छा.

तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. सहाशेचीच घेतली.

कारण ऐक. माझ्या गच्चीपासून फ्लाइंग क्लबची धावपट्टी बरीच लांब आहे. चारशेमध्ये विमान काडेपेटीएवढं येतं. सहाशेमध्ये आत बसलेल्याचा चेहरा दिसतो. आणि आत हल्ली कोण असतं माहीत आहे? शेजारची बारकी. तिची आई शाळांचे गणवेश शिवते, मागे आलीस तेव्हा तुझ्या ब्लाउजची बाही तिनंच सरळ केली होती. ती बारकी आता एकटीनं विमान उडवते. आई खाली दुकानात मशीनवर असते, विमानाचा आवाज आला की पाय थांबवते, आवाज गेला की पुन्हा चालवते. त्या बाईंना लेकीचा हवेतला चेहरा दाखवला, तेव्हा हातातलं कापड बाजूला ठेवून त्यांनी फोटो उजेडात नेला.

तू म्हणालीस तसा हात थरथरतो, म्हणून कॅमेऱ्याच्या शटरची उघडझाप फार वेगात ठेवावी लागते. त्यात एक गोम आहे. शटर सावकाश असेल तर विमानाच्या नाकावरचा पंखा फिरताना दिसतो, धुरकट चकतीसारखा. वेगात असेल तर गरगर फिरणारा पंखाही जागच्या जागी थिजलेला येतो. जाणकार नावं ठेवतात. पण सावकाश शटरला माझ्या हातून चेहरा पुसला जातो. पंखा की चेहरा, एकच मिळणार होतं. मी चेहरा घेतला. बारकीनं फोटो बघून विचारलं की काका, मला हवेत बंद पाडलंत की काय, आणि खूप हसली.

एका दमात आठ-दहा फोटो काढतो, सगळ्यांत स्वच्छ तो ठेवतो, बाकीचे पुसतो. त्यामुळे पसारा नाही. यावर तरी शाबासकी दे.

तुझा राग उतरला की दोन ओळी लिही.

धाकटा

२८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बारकी गेली, हे तुला फोनवर कळवलंच. पुढचं फोनवर बोलवेना, म्हणून लिहितो.

त्या सकाळी मी गच्चीवर होतो. विमान उठलं, मी फोटो घेतले, विमान पाण्याच्या टाकीमागं गेलं. मग आवाज झाला आणि धूर. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचा माणूस आला, सगळ्यांत स्पष्ट फोटो मागितला. मी निवडून दिला. आणि ताई, देताना हातासरशी बाकीचे पुसून टाकले. रोजच्यासारखे. डोकं ठिकाणावर नव्हतं, सवय मात्र होती.

आता चौकशी समितीचा कच्चा अहवाल आला आहे. विमान पूर्ण जळालं, त्यामुळे इंजिनावरून काही कळत नाही. मग आधार कशाचा, तर माझ्या फोटोचा. फोटोत पंखा थांबलेला आहे, अर्थात इंजिन हवेतच बंद होतं, अर्थात वैमानिकानं इंधनाची कळ चुकून बंद केली. असं लिहिलंय. वैमानिक म्हणजे आपली बारकी.

इंजिन चालू होतं. टाकीमागं जाईपर्यंत मी ते कानांनी ऐकलं. क्लबच्या मॅनेजरना सांगितलं, तर ते म्हणाले की पोरगी काही परत येणार नाही, तुम्ही कशाला मध्ये पडता, आणि तुमचं वय पाहता कानांवर कोण विश्वास ठेवणार. बाईंच्या दारावरून जाताना मी मान खाली घालतो. त्यांची गिऱ्हाइकं कमी झालीत. लोक कुजबुजतात.

काय करू?

धाकटा

३ मे

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

काय करू म्हणून विचारतोस? मॅनेजरला बरं झालं. विमानाची देखभाल कुणाकडे होती, ते विचारायची वेळ आली, तर मेलेली पोर पुढे करायला सोपी. ती उत्तर द्यायला उठणार नाही. आणि समितीतले ते विद्वान! त्यांतल्या एकानंही आयुष्यात कॅमेरा हातात धरला नाही?

रडत बसू नकोस. तुझ्या कानांवर विश्वास नसेल तर डोळ्यांना दाखव. त्याच जातीचं दुसरं विमान क्लबकडे आहे ना? त्याच गच्चीवरून, त्याच लेन्सनं, त्याच शटरनं ते उडताना टीप. पंखा थांबलेला दिसेल. मग विचार त्या लोकांना, हेही पडलं का म्हणून. पडलं नाही तर तुमचा अहवाल पडला.

त्या राक्षसी लेन्सवरून मी तुला बोलणार होते. आज बोलत नाही. ती घेतलीस म्हणून हे झालं, असं मनात आणू नकोस. विमान लेन्सनं पडलं नाही. पण गप्प बसलास तर मात्र बघ, धाकट्या, आईनं वाढवलेला भाऊ म्हणून तुझी ओळख द्यायला मला लाज वाटेल.

इस्त्री केलेला शर्ट घालून जा. आधी बाईंना सांग, मग समितीला.

तुझी,
ताई

१४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसंच केलं. उडत्या विमानाचे फोटो टेबलावर मांडले, सगळ्यांत पंखा थांबलेला. समितीचे अध्यक्ष एकेक फोटो उचलून बघत गेले. भला माणूस वाटला. म्हणाले की यावरून तुमच्या फोटोनं काही सिद्ध होत नाही एवढं सिद्ध होतं. इंजिन चालू होतं हे कसं सिद्ध करणार? मग त्यांनी विचारलं की त्याच दमातला आणखी एक फोटो आहे का. लागोपाठच्या दोन फोटोंत पंख्याची पाती वेगळ्या जागी दिसली असती, तर प्रश्नच मिटला असता.

ते पुसले असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.  रागावले असते तर बरं झालं असतं.

कार्ड दोन ठिकाणी तपासून आणलं. पुसलेल्या फोटोंवर इतके नवे फोटो काढलेत की काही उरलेलं नाही.

कच्च्या अहवालात बारकीची चूक म्हणून जे वाक्य होतं, ते पक्क्या अहवालातून काढलं. त्या जागी लिहिलंय की अपघाताचं कारण निश्चित सांगता येत नाही. अहवाल घेऊन मीच बाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, माझ्या पोरीची चूक नव्हती असं लिहिलंय का? मला सांगावं लागलं की नाही, तसं नाही लिहिलेलं. कारण माहीत नाही, एवढंच. त्या म्हणाल्या, पण तुम्हाला माहीत आहे ना. मी हो म्हणालो.

मग त्यांनी तो फोटो मोठा करून मागितला. तोच. मी दुसरे दाखवले, जमिनीवरचे, हसतानाचे. नको म्हणाल्या. यात ती पुढे बघतेय, ओठ मिटलेत, घाबरलेली नाही; इंजिन बंद असतं तर पोरीचा चेहरा असा असता का, असं त्यांनी मलाच विचारलं. ताई, हे कुठल्याही समितीपुढे टिकणार नाही. पण मी तो चेहरा पुन्हा पाहिला, आणि बाई म्हणतात तसाच आहे.

मी म्हटलं, पुढचा भाग कापून नुसता चेहरा देतो. त्यांनी मान हलवली. पंखा राहू द्या म्हणाल्या. दुकानात समोरच लावणार आहे. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारेल पंखा का थांबलाय, आणि मी प्रत्येकाला सांगेन.

फोटो आज छापायला दिला. मला सांभाळून घेत राहा.

तुझा,
धाकटा