‘आता तू, एफ्रा!’

ब्रॉन्क्स, फेब्रुवारी

आई, आशीर्वाद दे.

चागो आणि मी, दोघं बरे आहोत. तू पाठवलेली कॉफी पोचली. तो आता न सांगता मफलर गुंडाळतो.

एफ्राला पुरल्यावर एका शनिवारी आमच्या बँडनं पहिल्यांदा वाजवलं. गाण्याच्या मध्यावर, त्याच्या एकट्याच्या वाजवण्याची पाळी येताच, मी सवयीनं ओरडले, "आता तू, एफ्रा!" त्याचा काँगा ढोल कोपऱ्यात झाकलेला. पियानोवर चागोचे हात थांबले. नाचणाऱ्यांना वाटलं, गाणं असंच बसवलंय. त्यांनीच टाळ्यांनी ताल धरला.

चागो नंतर म्हणाला, "बाई, जरा शुद्धीवर ये!"

आता लोक ती हाक मागून घेतात. मी मारते. रडू येत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत?

उत्तरात आशीर्वाद सवयीनं तिघांनाच लिही.

तुझी,
मिग्दालिया