थंडीत थांबणारा टायमर

मंगळवार, ४ फेब्रुवारी

म्हणे प्लग ओढला! अक्षताताईने! मुलुंडला ती नर्स आहे त्या नर्सिंग होममध्ये पेशंटच्या उशाचा मॉनिटर सुरू होतानाच अडकला. मेट्रन म्हणते, हिने मध्येच प्लग काढला म्हणून. ताईला नोकरीवर ठेवायचं की काढायचं, ते सोमवारी ठरणार. ताईचं एकच – "मी हातसुद्धा लावला नाही गं, प्रांजल."

आणि मॉनिटर आमचा! चारकोपच्या आमच्या गाळ्यात बनलेला. त्यातला कर्नल – मशीनला जागं करणारा सगळ्यात आतला प्रोग्राम – मी सांभाळते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सुशांतसरांना आधीच सांगितलं, माझी बहीण आहे, ही तपासणी दुसऱ्या कुणाला द्या. "कुणाला देऊ? आहोतच किती आपण!" म्हणाले. "आणि तू तर सख्ख्या बहिणीवरही संशय घेशील, बाई."

घेतेच आहे. मशीनच चुकीचं निघावं असं मला वाटतंय – हीच भीती.

मुलुंडहून त्या मॉनिटरच्या आतला बोर्ड आलाय. टेबलावर दर वेळी झकास सुरू होतो. ताईची वाट लागली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ताईला विचारलं, त्या खोलीत एसी कसा असतो? "हाडं गोठतात." बोर्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवला, विशालच्या बोंबलाच्या डब्याशेजारी. विशाल म्हणाला, "बघ हां, बोर्डाऐवजी माझा डबा सुरू करशील!" बाहेर काढून लावला – अडकला!!

सुरू होताना कर्नल एका टायमरचा वेग दुसऱ्याशी ताडून बघतो. जुळला नाही तर पहिल्याला बाद करून दुसऱ्यावर चालतो. इथेही तेच – पहिला बाद, आणि पुढे सगळं गप्प. सर म्हणाले, "पहिलाच गेलाय. दुसरा सोन्यासारखा, मी स्वतः निवडलाय." पण मग दुसऱ्यावर चालायला नको होतं का?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

जेवताना बाबांना सांगत होते. विक्रोळीच्या कारखान्यात जन्मभर वायरमन. मला शाळेआधी टेस्टर धरायला त्यांनीच शिकवलं – बंद तारेला हात लावण्याआधी टेस्टरच नीट आहे का ते चालू तारेवर लावून बघायचं. माशाचे काटे काढता काढता म्हणाले, "मीटराचोय भरवसो धरू नको गो."

घास हातातच राहिला. मी पहिल्याला तपासतेय. दुसऱ्याला कोण तपासतंय?

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुसराच! तारीख-वेळ ठेवणाऱ्या बॅटरीच्या घड्याळाशी दोघांना ताडलं. थंडीत दुसरा मंदावतो, मग थांबतो. कर्नलला वाटतं पहिलाच पळतोय. चांगल्याला हाकलतो आणि थांबलेल्याची वाट बघत बसतो – जन्मभर.

कर्नल बदलला – आता तिघांत दोघांचं जुळेल तेच खरं, आणि वाट बघायलाही मर्यादा. फ्रिजमधून काढलेला प्रत्येक बोर्ड सुरू! सरांनी स्वतः एक बोर्ड लावून पाहिला. मग – "सोन्यासारखा म्हणे! चहा मी पाजतो."

सोमवार, १० फेब्रुवारी

सरांनी स्वतः जाऊन मेट्रनला जुन्या कर्नलवर थंड बोर्ड कसा अडकतो ते दाखवलं. ताईची नोकरी राहिली! आई रडली, मी भात दोनदा घेतला. अहवालात फक्त टायमरचा दोष लिहिलाय. प्लगबद्दल एक अक्षर नाही – मी तिथे नव्हते, कशी लिहू? किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताई गॅलरीत आली. "प्लग मी काढला होता गं. मशीन अडकलं, पेशंट समोर – काढला आणि परत लावला. मग घाबरून नाही म्हटलं."

आधी अडकलं, मग काढलास? "हो." नक्की? "नक्की गं बाई!"

"उद्या मेट्रनला सांगते," म्हणाली. "येशील बरोबर?"

येते म्हटलं.