बबडीला गणिताची गोडी लावते

४ एप्रिल
नात गणितात नापास. नववीतली एवढी घोडी, पण पेपर दाखवताना टपटप रडली. महिनाअखेरीला फेरपरीक्षा. त्यात गेली की वर्षच गेलं. सर म्हणाले, बबडीला डोकं आहे हो, भीती बसलीय. आधी गोडी लागू दे. मी तिथल्या तिथे जबाबदारी घेतली. सुनेनं कपाळाला हात का लावला, कोण जाणे! दुसरीपर्यंतच शिकले, पण गाजले होते.

६ एप्रिल, सकाळी
काय युक्ती सुचलीय! आपल्याला काही येत नाही असं नाटक करायचं. ती शिकवील, शिकवता शिकवता शिकेल. म्हटलं, मला शिकव गं. म्हणाली, आजी, तुला काय कळणार! मासा गळाला लागला.

९ एप्रिल
क्ष म्हणून एक आहे, दर गणितात हरवतो. म्हटलं, कालच तर सापडला, पाच होता! आज म्हणे बारा. कोपऱ्यावरचा शिंपी बरा, निदान दुपारी तरी दुकानात असतो. बबडी पोट धरून हसली. अर्थात मी मुद्दाम विचारलं.

१४ एप्रिल
वजा गुणिले वजा म्हणे अधिक. म्हटलं, दोन उडाणटप्पू एकत्र आले की घर सुधारतं का? कडाक्याचं भांडण. पोरगी खुर्चीवर उभी राहून समजावत होती. जेवण गार. मुलानं विचारलं, आई, हे नाटकच ना? तर काय! मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नाटक फारच वठलंय.

२१ एप्रिल, दुपारी
आता मीच पुढे जाऊन तिला ओढायचं ठरवलं. एकटीनं वयाचं गणित सोडवलं. बाप मुलापेक्षा लहान निघाला. बबडीनं चूक चुटकीसरशी पकडली, माझी पाठ थोपटली. म्हणाली, जमेल गं, टेन्शन घेऊ नकोस. टेन्शन कुणाला? मी चष्मा पुसत होते.

३० एप्रिल
फेरपरीक्षा. ती शीळ घालत गेली. मी देवासमोर वजा गुणिले वजा घोकत बसले.

७ मे
पास! शंभरात एकाहत्तर! नवी साडी नेसून सून-नातीबरोबर शाळेत गेले, म्हटलं सत्कार-बित्कार झाला तर. सरांनी तिला विचारलं, भीती गेली कशी? कार्टी म्हणते, सर, आमची आजी इतकी ढ आहे, की तिच्यापुढे मला एकदम हुशार वाटायला लागलं. नाटकाचं सांगायला मी तोंड उघडलं, तर सून रुमालात तोंड घालून हसत होती. वर बबडीनं जाहीर केलं, दहावीलाही आजीच पाहिजे.
म्हणजे आणखी वर्षभर ढ राहायचं. राहीन बापडी. त्याला अभ्यास लागत नाही.