दोन बोटं मोठा

आई, मी सध्या एक स्वेटर विणतेय आणि तो माझा स्वतःचा आहे. घरात अजून कोणाला हे सांगितलेलं नाही, म्हणून आधी तुला सांगतेय. बर्डीच्या बाजारात जाऊन मरून रंगाची लोकर आणली, मेट्रोत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले आणि घरी आल्याबरोबर ती कपाटात साड्यांमागे दडवली, चोरीचा माल असल्यासारखी. साठी उलटली माझी. आजवर नवऱ्याचे झाले, मुलाचे झाले, नातवाचे, भावाच्या पोरांचे, ऑफिसातल्या साहेबांच्या नातीचा आणि शेजारच्या काकूंच्या जावयाचासुद्धा. माझा एकही नाही. खरं सांगायचं तर मी थकलेय गं. मान आखडते, अंगठा ठणकतो, चार ओळी झाल्या की टाके एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. तरी कोणी लोकर आणून समोर ठेवली की मी मुकाट्याने माप विचारते. नाही म्हणायला तोंडच उघडत नाही.

विणायला मी शिकले ते तू नर्स होतीस त्या दवाखान्यात. सकाळची गर्दी ओसरली की तू इंजेक्शनच्या सुया उकळायला ठेवायचीस आणि बाकावर बसून विणायच्या सुया काढायचीस. लोकरीचा गुंडा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डब्याच्या झाकणाला भोक आणि त्यातून धागा बाहेर. गुंडा फरशीवर लोळला तर डॉक्टरीणबाई ओरडायच्या, म्हणून ती युक्ती. मी शाळेतून येऊन तुझ्या शेजारी बसायचे आणि तू पाठीला हात लावून माप घ्यायचीस. टेप कधीच नाही, वीत आणि बोटं. शेवटी दोन बोटं वर धरायची हे ठरलेलं. मी कुरकुरले की म्हणायचीस, "वाढतं अंग आहे तुवं. यंदा मापाचा केला तं पुढच्या साली काय घालशीन?" आपल्या घरातला प्रत्येक स्वेटर पहिल्या हिवाळ्यात ढगळ असायचा आणि तिसऱ्या हिवाळ्यात मनगटाच्या वर चढायचा.

त्या वर्षी तू पहिल्यांदाच स्वतःसाठी विणायला घेतला होतास. मरून. सकाळच्या पाळीला शाल सारखी घसरते, सुई टोचताना आडवी येते, असं तू बाबांना सांगताना मी ऐकलं होतं. पाठ पूर्ण झाली होती, पुढचा भाग काखेपर्यंत आला होता. मी तेरा वर्षांची, माझा जुना स्वेटर कोपरावर विरलेला आणि वर्गातल्या पोरी हसायच्या. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात तू भाकरी थापत होतीस आणि मी दारात उभी राहून म्हटलं, "तुले कशाले पाहिजे वं नवीन? तू तं दवाखान्यातच राहतं. तुले कोण पाहते?" तू भाकरी तव्यावर टाकलीस, हात धुतलेस. जेवणं झाल्यावर डबा घेऊन बसलीस आणि पाठ उसवायला लागलीस. उसवलेल्या लोकरीला वळ्या पडतात, त्या जाव्यात म्हणून किटलीच्या वाफेवर एकेक लडी धरत होतीस. लडीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मला लाज वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि आनंद जास्त होता हे आज लपवण्यात काही अर्थ नाही.

पंधरा दिवसांत माझा स्वेटर तयार झाला, अर्थात दोन बोटं मोठा. तोच घालून मी मामाकडे उमरेडला गेले. येताना एसटीत दुपारची वेळ, आपल्याकडचं ते हिवाळ्यातलं ऊन, खिडकीतून थेट अंगावर. बाह्या बोटांवर येत होत्या, चिडून स्वेटर काढून शेजारी ठेवला. नागपूर आलं तशी मामीनं दिलेली तांदळाची पिशवी उचलली आणि उतरले. घराच्या गल्लीत शिरेपर्यंत ध्यानातच आलं नाही. मग मी तशीच धावत स्टँडवर परत गेले, तर बस निघून गेलेली. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "आता कायले भेटते पोरी?"

तू दारातच होतीस. "स्वेटर कुठी गेला वं?" मी तुझ्या अंगावरची शाल पाहिली आणि माझ्या तोंडून निघालं, "देला एका पोरीले. स्टँडवर होती ते. थंडीनं कापून राहिली होती." भर दुपारी, आई! पण तू विचारलं नाहीस की एवढ्या उन्हात कोण कापतं. तू खाली बसलीस, मला जवळ ओढलंस आणि म्हणालीस, "बरं केलं बाई. लय बरं केलं." तुझे डोळे भरले होते. त्या क्षणी बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तू दवाखान्यात सांगितलंस, आठवड्यात सगळ्या वस्तीत झालं, "माह्या पोरीनं अंगावरचा काढून देला." नंतर माझ्या सासूबाईंनाही तू तेच सांगितलंस. मी त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा माझी ख्याती आधीच पोचली होती. मग देत राहिले. कधी मनापासून दिलं, नाही असं नाही, पण पुष्कळदा त्या खोट्याला जागायचं म्हणून दिलं. आणि तू मात्र पुन्हा स्वतःसाठी टाके घातले नाहीस. शेवटच्या पाळीपर्यंत शालच होती.

इथवर मागच्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं. परवा शिवायला म्हणून पाठ आणि बाह्या बाहेर काढल्या आणि सुनेनं पाहिलं. "आई, हा कोणाचा विणून राहिल्या?" साधा प्रश्न. मी म्हटलं, "असाच. देऊ कोणाला तरी." सवयीनं तोंडून निघून गेलं. ती खूश झाली. "मग माझ्या ताईले द्या ना! तिले मरून लय आवडते. रविवारी येऊन राहिली ते." भाऊ आला होता, त्याने लगेच तू सांगायचीस ती अंगावरचा स्वेटर दिल्याची गोष्ट लावली, नातू ऐकत बसला. मी हसले. काल दिवसभर मान खाली घालून शिवण घातली आणि तो दुसऱ्याचा झाला असं समजून चालले.

आज रविवार. सकाळी अंगात घालून पाहिला, निदान एकदा. बाह्या बोटांवर आल्या. स्वतःचं माप कधी घेतलंच नव्हतं, हाताच्या सवयीनं दोन बोटं वर धरली गेली. साठीतलं अंग आता कुठे वाढणार आहे! हसू आलं आणि मग स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. सून चहा ठेवत होती. तिला म्हटलं, "हा मी देणार नाही. माझा आहे." ती गोंधळली, मग म्हणाली, "मग तसं सांगायचं ना आई." इतकंच. इतकं सोपं होतं ते.

आता तिची ताई बाहेरच्या खोलीत गप्पा मारतेय, ऊन चढलंय, घाम येतोय, आणि मी स्वेटर अंगातून काढलेला नाही. हे कागद तुझ्या त्या पत्र्याच्या डब्यात गुंड्याखाली ठेवून देईन. त्या दिवशी मी तो कोणाला दिला नव्हता, आई, एसटीत विसरले. आणि तू आज समोर असतीस, तर हे तुला सांगितलं नसतं.