ग्रहणाला कापलेला गुडघा

९ जाने. ९६, मंगळ
सुमनला घेऊन वाशीला, डॉक्टरांकडे. उजवा गुडघा बदलून दीड वर्ष झालं. आता महिनाभर खुर्चीतून उठताना कळ येते. नवा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी दिव्यावर लावून पेनाने दाखवलं. धातूच्या खाली पांढरं दिसतं ते सिमेंट, त्याखाली हाड. दोघांच्या मधे, या कडेपासून त्या कडेपर्यंत, बारीक काळी रेघ. आमच्या गच्चीला अशीच पडली होती, दोन पावसाळे गळत होती.

"पहिल्यापासून असेल तर काळजी नाही. नंतर पडली असेल तर सिमेंट सुटतंय, पुन्हा उघडावं लागेल. ऑपरेशननंतरचा एक्स-रे आणा, ताडून बघू."

सुमन लगेच उठायला लागली. वाटलं, घाबरली. रिक्षात बसल्यावर हळूच, "अहो, तो मी कापला."

दिवाळीतल्या ग्रहणाला! सगळी सोसायटी गच्चीवर, सगळ्यांना सूर्याकडे बघायला काळी फिल्म हवी. बाईसाहेबांनी कात्री घेऊन घराघराला तुकडा वाटला. मी ड्यूटीवर, रबाळ्याला. "दानशूर कर्ण!" म्हणून ओरडलो. "गुडघा माझा, फिल्म माझी," म्हणाली आणि रडायला लागली. जेवण गेलं नाही दोघांना. कशाला ओरडलो...

१० जाने., बुध
हॉस्पिटलात फोन केला. त्यांच्याकडे काही नाही, फिल्म पेशंटलाच देतात म्हणे. मी दारोदार जायला निघालो तर हिने अडवलं. "शोभतं का? संक्रांतीचं हळदीकुंकू आहेच. बायका येताना तुकडे आणतील." निरोप गेले.

१५ जाने., सोम
संक्रांत. तिळगूळ दिला, गोड बोललो. ती म्हणे, "वर्षभर पुरवा."

मला भीती वाटते. तिला पुन्हा त्या स्ट्रेचरवर बघवणार नाही. तिच्यासमोर बोलत नाही.

१९ जाने., शुक्र
हळदीकुंकू. मी आतल्या खोलीत, सेलोटेप घेऊन. बाहेर हिने वाण म्हणून गाळण्या लुटल्या. बदल्यात गुडघा परत येत होता. एक तुकडा हळदीने पिवळा, एक पोराने खिळ्याने खरवडलेला. हाताला वेगळंच वाटत होतं. हिचंच हाड जोडतोय.

शेवटी म्हात्रेकाकू, गावठाणातल्या. रिकाम्या हाताने. "गिरानाचं घरान ठेवाचं नस्तं गो. मी खाडीत टाकलं." त्यांचंही खरंच. सुमननेच त्यांना जवळ घेतलं, "जाऊ द्या काकू."

नेमका सिमेंटखालचा, आतल्या बाजूचा तुकडा.

२३ जाने., मंगळ
जोडलेली फिल्म बघून डॉक्टर आधी हसले, मग चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. गुडघ्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागात रेघ तेव्हाही होती, तेवढीच. वाढली नाही. जीव भांड्यात पडला. लगेच म्हणाले, "आतल्या बाजूचं मी कशाशी ताडू?"

सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. रेघ जाड झाली तर उघडायचं. तोवर मांडी नाही, जिने कमी.

सुमनने विचारलं, "वारंवार उघडता येतो का हो?" डॉक्टर नुसते हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

२८ जाने., रवि
आजही सकाळपासून हिच्या मागे मागे. उठली की बघतो, बसली की बघतो. उजवा पाय आखडला का, कट्ट्याला धरलं का. कळ आली तरी ही सांगायची नाही, म्हणून तोंडही बघतो.

चहा देताना थांबली. "पाच दिवस झाले, नुसता गुडघा बघताय. जरा माझ्याकडे बघा की."

बघितलं. केस बरेच पांढरे झालेत. कधी झाले?

"दुखतंय का?" विचारलंच.

"बसा," म्हणाली. "चहा निवतोय."