मुडदेघराचे भाडेकरू

२ मार्च, सोमवार

मुडदा परत येतोय!

सकाळीच नर्सबाईचा फोन. आधी नुसती रडत होती. मला वाटलं, तिच्याकडचं कोणी गेलं. तर म्हणते, "अगं गेलं नाही कोणी, उठतोय! आपला मुडदेघर बँड पुन्हा एकत्र येतोय. एकच खेळ. शेवटचा." बावीस तारखेला, रविवारी, भर दुपारी. दुपारी! पूर्वी अंधार पडल्याशिवाय मुडदा तोंड दाखवायचा नाही. आता त्यालाही रात्रीचं धड दिसत नाही आणि आम्हालाही.

ह्याला सांगितलं. पलंगाशी बसून, अगदी कानाशी तोंड नेऊन. भिंतीकडे तोंड करून पडला होता तसाच. डोळे उघडे. डावा हात पांघरुणावर. उजवा तर काय, झटका आल्यापासून आहे म्हणून आहे. पलंगाच्या लाकडावर तीनदा ठोकलं आणि वाट बघितली.

काही नाही. रोज ठोकते, रोज काही नाही.

५ मार्च, गुरुवार

लेकीचा फोन. "आई, त्या मुडदेघराचं एवढं काय आहे? एक म्हातारा शवपेटीतून उठणार, ते बघायला तू जाणार?" काय सांगू हिला! फोनवर सांगण्यासारखं नाही ते. इथे लिहिते, म्हणजे जीव थोडा हलका होईल.

तेव्हा असलं काही कोणी बघितलंच नव्हतं. काळा झगा, पांढराफटक चेहरा. मुडदा गाता गाता डोक्यावर कच्ची अंडी फोडून घ्यायचा, उशा फाडायचा, बिटाचा रस ओकायचा. ड्रमवाला हाडांनी ड्रम बडवायचा. हाडं प्लॅस्टिकची होती, पण आमची शपथ घेऊन सांगायची तयारी होती की खरी आहेत! पेपरात आलं, ही पिढी वाया जाणार. वाया गेलो ते असे — एक नर्स झाली, एक ट्रक चालवतो, मी कपडे शिवते.

आणि शेवटी ती पेटी. मुडदा आत झोपायचा, झाकण बंद, दिवे बंद. मग अख्ख्या हॉलने तीनदा ठोकायचं. खुर्चीवर, जमिनीवर, जे लाकूड हाताला लागेल त्यावर. आतून दोन ठोके आले की झाकण उघडायचं आणि आम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचो. बाहेरच्यांचे तीन, आतल्याचे दोन. आम्ही सगळे स्वतःला मुडदेघराचे भाडेकरू म्हणायचो. आजही म्हणतो.

आई म्हणायची, "त्या मेल्याचा मुडदा बशिवला!" मी म्हणायचे, "बशिवला तरी उठतो गं तो!" मग चप्पल यायची.

पहिल्याच खेळाला कोणीतरी माझ्या खुर्चीच्या पाठीवर ठोकत होतं. हाडं खिळखिळी झाली माझी. मागे वळून खेकसले, "पेटी तिकडे आहे!" तर म्हणतो कसा, "तिकडचा उठणारच आहे. तू उठतेस का बघतोय."

हाच तो.

लग्न झाल्यावर घरातही तेच. रुसायची मी — आणि माझं रुसणं म्हणजे काही साधंसुधं नाही! खोलीचं दार लावून बसायचे. बाहेरून तीन ठोके. मी गप्प. पुन्हा तीन. हा काही कंटाळायचा नाही. कधी चहा करून यायचा आणि पुन्हा ठोकायचा. शेवटी मलाच हसू फुटायचं आणि मी आतून दोन द्यायचे. ह्याला रुसणं कधी जमलंच नाही.

आता काय झालंय ह्याला? कुठे जाऊन बसलाय?

८ मार्च, रविवार

झगे! घरभर काळे झगे. तेव्हाचे सगळे झगे मीच शिवलेले, माझ्या शिवणकामाची सुरुवातच ती. आता एकेक भाडेकरू कपाटाच्या तळातून काढून घेऊन येतोय. ट्रकवाला म्हणाला, "वहिनी, झगा आटलाय हो." म्हटलं, "झगा आहे तेवढाच आहे. तुमचं बघा." दोन्ही बाजूंना वीतभर जोड द्यावा लागणार. सगळ्यांच्याच. काळं कापड पुरलं तर नशीब.

ट्रकवाला जाताना ह्याच्या पलंगाशी उभा राहिला. एवढा धिप्पाड माणूस, पण "येतो रे," म्हणाला आणि पळालाच.

ह्याचा पलंग बाहेरच्या खोलीत आल्यापासून माझं मशीन स्वयंपाकघरात गेलंय. ओट्याशेजारी, भिंतीला लावून. पाठ अवघडते. त्यात मशीन ठकठक करायला लागलंय. शिवायला बसलं की मधेच ठकठक. थांबवलं की बंद. तेल घातलं, तरी तेच.

११ मार्च, बुधवार

मशीनवाला येऊन गेला. सगळं खोललं, पुसलं, पट्टा बदलला. स्वतः बसून शीळ घालत हातभर शिवून दाखवलं. आवाज नाही! "काकू, मशीन ठणठणीत आहे. तुमच्याहून आणि माझ्याहून जास्त जगेल."

तो जिना उतरतोय तोवर मी बसले. ठकठक! अशी तळपायाची आग मस्तकात गेली! खिडकीतून हाक मारणार होते, पण म्हटलं जाऊ दे. माणसालाच वेड्यात काढतील.

१४ मार्च, शनिवार

लेक आली होती. डॉक्टरांकडे दोघी गेलो. डॉक्टर चांगले आहेत, खोटं बोलत नाहीत, म्हणून तर राग येतो. म्हणाले, "हात दाबा म्हटलं तर दाबत नाहीत. नजर देत नाहीत. किती समजतं, समजतं की नाही, मी सांगू शकत नाही."

बाहेर आल्यावर लेक हळूच म्हणाली, "आई, त्या शुश्रूषा केंद्रात एक पलंग रिकामा झालाय. एक तारखेपासून मिळेल. तिथे कायम माणसं असतात. तुझी पाठ गेलीय. तू पडलीस तर दोघांना कोण बघणार?" खरं आहे तिचं. एक शब्दही खोटा नाही. ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं.

म्हटलं, बावीसचा खेळ होऊ दे. मग सांगते.

पण मनात ठरवलंय. तोवर एकदा, एकदाच, आतून काही आलं, तर ह्याला कुठे पाठवणार नाही. मग पाठ मोडली तरी चालेल. त्याला समजतंय एवढं मला कळलं पाहिजे. नाहीतर मग पलंग इथला काय नि तिथला काय.

१५ मार्च, रविवार

ठोकलं. काही नाही.

१७ मार्च, मंगळवार

वन्सं आल्या राहायला. रविवारी मी खेळाला जाणार म्हणून. ह्यांनी आयुष्यभर मुडदेघराला नाकं मुरडली. भावाला नादाला लावलं म्हणून माझ्यावर राग. आणि आता आल्या आल्या म्हणतात, "तू जायचंस. मी बघते त्याला. तोंड रंगवून जा नाहीतर काळं करून जा, पण जा!"

संध्याकाळी मी झग्याला जोड देत होते, तर दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "घरात आवाज म्हणून नाही गं तुझा. औषध घे, कूस बदल, तोंड उघड. झालं. गाणं नाही, भांडण नाही. ते मशीन तेवढं बोलतं. माझा भाऊ काय, मीसुद्धा भिंतीकडे तोंड करीन!"

मी फटकन म्हटलं, "मग करा."

पण खोटं नाही त्यांचं. नर्सबाई पण म्हणत होती, त्याला मुडदेघराची गाणी लाव. नाही लावली. कॅसेटचा खोका माळ्यावर चढवून ठेवलाय मीच. ती गाणी ऐकली तर मी उभी राहू शकणार नाही. आणि मी आडवी झाले तर ह्याला पाणी कोण पाजणार! म्हणून सगळं बंद करून टाकलंय. हसणं पण. तेच परवडतं.

त्याचा आवाज आठवायला बसले तर नीट आठवत नाही. फक्त "तू उठतेस का बघतोय" एवढंच वाक्य त्याच्या आवाजात ऐकू येतं. बाकीची सगळी माझ्या आवाजात.

१९ मार्च, गुरुवार

झगे संपले. ह्याचा तेवढा राहिला. त्याला जोड नको, उलट दोन माणसं मावतील आत. नुसती इस्त्री केली.

२२ मार्च, रविवार

जाऊन आले.

हॉलच्या दाराशीच हसायला सुरुवात. सगळ्यांचे चेहरे पांढरे, आणि सुरकुत्यांत रंग साचून भेगा पडलेल्या. जिन्याला गर्दी नाही, लिफ्टला रांग! नर्सबाईने माझं तोंड रंगवलं. डोळ्याखाली ओघळ काढायचाय म्हणाली तर म्हटलं, राहू दे, येईल आपोआप.

ह्याचा झगा शेजारच्या खुर्चीवर घातला.

मुडदा आला. केवढासा झालाय! आवाज फाटलाय. पण पहिलं गाणं सुरू झालं आणि ट्रकवाला लहान पोरासारखा हमसाहमशी रडला. अंडं एकच फोडलं, तेही उकडलेलं असावं. उशी फाटेना, तर ड्रमवाल्याने येऊन मदत केली. आम्ही टाळ्या वाजवून वाजवून हात लाल केले.

मग पेटी. दोघांनी धरून आत झोपवलं. झाकण. अंधार. सगळ्यांनी तीनदा ठोकलं. मी पण, समोरच्या खुर्चीवर. आणि खरं सांगते, माझं लक्ष पेटीकडे नव्हतंच. माझ्या पाठीवर, माझ्या खुर्चीच्या पाठीवर कोणीतरी ठोकेल म्हणून मी ताठ बसले होते. मागे एक बाई होती. ती स्वतःच्या काठीने जमिनीवर ठोकत होती.

पेटीतून उत्तर नाही. पुन्हा ठोकलं. नाही. नर्सबाईने माझा हात असा दाबला की अजून दुखतोय. शेवटी ड्रमवाल्याने झाकण उघडून माइक आत धरला. मुडद्याला झोप लागली होती! खरोखरची! माइकमध्ये घोरणं ऐकू आलं आणि अख्खा हॉल हसता हसता रडायला लागला. उठून बसला, डोळे चोळले, म्हणाला, "माफ करा. गादी फार मऊ दिलीय." मग हात जोडून, "पण तुम्ही ठोकणं सोडलं नाहीत."

घरी आले. वन्सं पेंगत होत्या. तोंडाचा रंग तसाच ठेवून ह्याच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. घोरण्याचं पण. मग तीनदा ठोकलं.

नाही.

तुझी फार आठवण येते रे. समोर आहेस आणि आठवण येते.

२३ मार्च, सोमवार

लेकीला होय म्हणून सांगितलं. तीही रडली, मीही. वन्सं त्यांच्या घरी गेल्या. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला.

२४ मार्च, मंगळवार

केंद्रातून फोन. प्रत्येक कपड्यावर नाव शिवून आणा, धुलाईत अदलाबदल होते. शिवायला मीच बरी सापडले!

२५ मार्च, बुधवार

नावाच्या पट्ट्या सगळ्या उसवून टाकल्या. लेकीला फोन केला — तो पलंग दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांग. "काय झालं, आई?" म्हणाली, तर म्हटलं, आधी पलंग सोड, मग सांगते.

झालं असं की पट्ट्या हाताने शिवायच्या होत्या. मशीन बंद. मशीनपाशीच बसले होते, ह्याच्या निळ्या सदऱ्याची कॉलर हातात. आणि भिंतीतून आलं.

ठक ठक ठक.

मशीनवर झाकण होतं! हलले नाही. थोड्या वेळाने पुन्हा. ठक ठक ठक. भिंतीपलीकडे ह्याचा पलंग, ह्याचा डावा हात.

तीन. बाहेरच्यांचे तीन! मी वेडी रोज जाऊन त्याच्याकडे दोन मागत होते. आणि हा भिंतीशी तोंड करून, मी रुसून आत बसलेय असं समजून, रोज मलाच बोलावत होता. मशीन थांबवलं की हाही थांबायचा — मी काही देते का ते ऐकायला. आज मशीन वाजलंच नाही, तर ह्यानेच आधी हाक दिली.

सुई खाली ठेवली. भिंतीवर दोनदा ठोकलं.